एका घराची गोष्ट आणि घरोघरची मोजणी



वस्तीत एक वाक्य वारंवार कानी पडते. "अमक्याची मुलगी नववीत नापास झाली. आपल्या मुलींच्या नशिबी शिक्षण नाही." तेवढ्यावरून दुसरा बाप आपल्या मुलीची शाळा बंद करतो. उदाहरण खोटे नसते. पण एका घराची गोष्ट ही साऱ्या समाजाची गोष्ट नव्हे.

किसा गोतमी मृत बाळ घेऊन आली, तेव्हा तथागतांनी सांगितले, ज्या घरात कुणी मेले नाही तेथून मोहरी आण. मोहरी घरोघरी होती, पण तसे घर सापडले नाही. दुःख आपल्या एकटीचे नाही, हे तिला कळले. तथागतांनी तिलाच घरे मोजावयास लावली होती.

आपणही मोजू या. जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जातींच्या स्त्रियांमध्ये 1991 साली साक्षरता 23.76 टक्के होती. 2011 साली ती 56.46 टक्के झाली. मग नशीब कुठे राहिले?

मात्र आकड्याने सारे कळते असेही नाही. 2011 साली शंभरांतल्या सुमारे चव्वेचाळीस जणी निरक्षरच होत्या. बँकेच्या काउंटरवर अंगठा उमटवून एखादी आई पदराने शाई पुसते आणि खाली पाहते. ते खाली पाहणे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

बाबासाहेबांनी दोन्ही साधने वापरली. 1919 साली साउथबरो समितीपुढे त्यांनी प्रतिनिधित्वाची मागणी लोकसंख्येच्या आधारे मांडली. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये मात्र 1901 सालचा प्रवास लिहिला. मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान मुलांना जात कळताच गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. त्या तहानेतून अस्पृश्यता परक्यालाही समजते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत आपल्या वस्तीतील प्रत्येक घरी जा. किती मुलींनी शाळा सोडली, हे वहीत लिहा. आणि प्रत्येकीजवळ बसून कारण ऐका. संख्येवरून मंडळाला कामाचा आवाका कळेल, कारणावरून काम कोठून सुरू करावे ते कळेल.