फटफटीची वही
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं बोलणं)



दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा पैसा हाती येतो आणि गटात एकच मागणी वाढते, गाडीसाठी कर्ज. कोणी दुरुस्तीला मागते, कोणी नवी घ्यायला. मीही मागितलं होतं. पण त्याआधी एक वर्ष मी वही ठेवली, तिचंच आज सांगते.

आमची गाडी २०११ची. दर्यापूरकडचा आमचा खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात पांदणीची काळी माती चाकात अशी बसते की गाडी चालत नाही, ढकलावी लागते. चेन, ब्रेक, बेअरिंग सगळं तिथंच जातं. दर महिन्याला काही ना काही निघायचं. पोरगं म्हणे, "माय, हे खटारं कायले ठेवतं वो? नवी घे." त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग तर घरात दुसरा विषयच नाही.

वहीत वर्षाचे १३,४६० रुपये निघाले. आमचे हे म्हणाले, "पाहा, पैसा पाण्यात!" पण मी दोन रकाने पाडले. टायर, चेनसेट, ब्रेकशू आणि ऑइल मिळून ५,२०० रुपये. हा खर्च नव्या गाडीलाही आज नाही तर उद्या लागतोच. उरले ८,२६०. त्यात एकच दुखणं तीनदा लिहिलेलं होतं, इंजिन. सायलेन्सरमधून निळसर धूर, ऑइल कमी. म्हणजे ऑइल जळत होतं आणि आम्ही नुसतं वरून ओतत होतो. मूर्तिजापूरचा मेकॅनिक शेवटी म्हणाला, "ताई, रिंगा गेल्या. बोअर-पिस्टन करा लागते, नाहीतर याले अंत नाही." खर्च ९,५००.

आता नवी. शोरूममध्ये सांगितलं, २०,००० भरा, बाकी ७० हजारांचा महिन्याला २,८०० हप्ता, ३६ महिने. व्याज किती, हे कोणी बोलत नाही, हप्ताच सांगतात. मी तिथंच गुणलं. १,००,८०० होतात. म्हणजे ३०,८०० फक्त व्याज. आणि हप्ता दर महिन्याला, आपलं पीक वर्षातून एकदा-दोनदा. मधले महिने कोण भरणार? दुधाचा पैसा, म्हणजे मीच.

जुनी गाडी १४ दिवस बंद होती, तेही मी लिहिलं. दूध ऑटोनं पाठवलं, दोनदा नासलं, पोरीचं कॉलेज बुडालं. जवळपास ३,००० गेले. तरी सगळं मिळून वर्षाच्या ३३,६०० हप्त्याच्या अर्ध्यातच.

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यातल्या बहुतेकांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. आपल्या गावचा मेकॅनिक पान्यानं सगळंच करू शकेल असं नाही. त्या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मायलेजही बरा देतात. फक्त बिघडली तर कुठं न्यावी लागेल, हे आधी विचारा.

आम्ही गटातून १०,००० घेतले, इंजिन एकदाच पूर्ण केलं. पण एक अट घातली. चेसिसला तडा दिसला किंवा ब्रेक दुरुस्त करूनही धरेना, तर त्या दिवशी गाडी बंद, हिशेब पाहायचा नाही. गेल्या आषाढात उतारावर ब्रेक लागला नाही, मागं पोरगी बसलेली होती. गाडी बोरीच्या झुडपात गेली म्हणून वाचलो. ते मी वहीत लिहिलं नाही. रकानाच नव्हता.

२०२६ मध्ये गाडीला १५ वर्षं होतात. नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी नंबरप्लेटही. हे सगळं बेरजेत धरलं आहे. तोवर धूर पुन्हा दिसला तर विकू.

विकली आणि नवी घेतली, तर आरसीवर नाव माझं लागेल. कर्ज माझ्या नावावर आणि गाडी ह्यांच्या नावावर, असं १४ वर्षं चाललं. हे ऐकून आमचे हे गप्प बसले. मग म्हणाले, "आधी चालवाले तर शिक." लर्निंग लायसन काढलं आहे.

वही ग्रामसंघाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना गाडीचं कर्ज मागायचं आहे त्यांनी रकाने पाहून घ्या, चुकलं असेल तर सांगा.