रात्री हाक मारा

माझ्या सासूबाईंचा खुब्याचा सांधा बदलला. घरी आल्यावर रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागायचं. मला उठवायला नको म्हणून त्यांनी पाणी पिणंच तोडलं. एका रात्री एकट्याच उठल्या आणि वॉकरसकट तोल गेला. आवाजानं मी धावले, म्हणून निभावलं. बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, तर आणखी दोघींच्या घरी हेच!

पाणी तोडू नका. त्यानं जळजळ होते, शौचाला खडा होतो. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर कमी. रात्रीचा चहा बंद. पायांना सूज असेल तर दुपारी पायांखाली उशी घेऊन पडा. सुजेतलं पाणी दिवसाच लघवीवाटे जातं.

खाटेजवळ उंच कमोड खुर्ची, हाताशी वॉकर आणि बारीक दिवा ठेवा. उकिडवं बसायचं नाही. उठण्याआधी काठावर जरा टेकायचं. जळजळ, ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता आमच्या खाटेला घंटी बांधलीय. मी म्हटलं, "आई, माझी झोप मोडली तर चालेल, तुमचा सांधा निखळायला नको."