दारातील मुके जीव : बंध आणि अन्नपाननिरोध



आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वध आणि छेद यांपासून जैन घरे जन्मतःच दूर असतात. परंतु पहिला आणि शेवटचा अतिचार सज्जन माणसाच्या हातूनही नकळत घडतो. पहिला दिवाळीच्या रात्री आणि शेवटचा वैशाखाच्या दुपारी.

आश्विन अमावास्येस पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. त्या स्मरणार्थ दीप उजळावा हे योग्यच. सुतळी बॉम्बचा मात्र त्या स्मरणाशी काडीचाही संबंध नाही. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंतचा आवाज 1999 च्या नियमांना मान्य आहे. कायद्याला तो चालतो, कुत्र्याच्या कानाला चालत नाही. माणसास सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर कुत्र्यास सुमारे ४५,००० पर्यंतचा. हा आवाज कशाचा आणि केव्हा थांबणार, हे त्यास कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी फाटकाशी साखळीने जखडलेला कुत्रा पळूही शकत नाही. तो गळ्यास हिसके देतो, साखळी तुटली की वाट फुटेल तिकडे धावतो. डाळजसारख्या गावी ती वाट पुणे-सोलापूर महामार्गावर जाते.

कुत्रा घरात घ्यावा की नाही, याविषयी अनेक श्रावक कुटुंबांत दुमत असते. तो वाद येथे नको. निदान त्या रात्रीपुरती त्यास आतील खोली द्यावी. दिवस मावळण्यापूर्वीच त्यास फिरवून आणावे, खिडक्या-पडदे लावावेत, रेडिओ मंद सुरू ठेवावा. तो पलंगाखाली लपला तर ओढून काढू नये. जवळ येऊन बसला तर पाठीवरून हात फिरवावा. गोंजारल्याने भीती वाढते ही समजूत खरी नाही. माणसाच्या झोपेच्या गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. फार घाबरणाऱ्या प्राण्यासाठी पशुवैद्यांचा सल्ला सणाच्या आधीच घ्यावा. गोठ्यातील गाय-म्हैस बुजून दाव्याशी झटते व दोर गळ्यास आवळतो. म्हणून त्या रात्री दावे तपासावे, जवळ कोणीतरी ओळखीचे माणूस असावे आणि कडब्याच्या गंजीजवळ एकही फटाका लागू देऊ नये.

हा प्रश्न दिवाळीबरोबर संपत नाही. भगवान नेमिनाथांची वरात आपणा सर्वांस ठाऊक आहे. वाद्यांच्या गजरातही कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी आला आणि ते परतून गिरनारकडे निघाले. आजच्या वराती ऐन उन्हाळ्यात निघतात. त्याच दिवसांत पत्र्याचा गोठा तापू नये म्हणून छतावर उसाचे पाचट पसरलेले असते. उपाय उत्तम आहे, पण त्यावर वरातीतील एक बाण पडला तर आतील बांधलेल्या जनावरांचे काय होईल? उजनीच्या पाणथळीत उतरलेले रोहित पक्षीही त्या आवाजाने उठतात. नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या मध्यरात्री फटाके सुरू होताच हजारो पक्षी अंधारात उडाल्याचे रडारवर दिसले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

आता अन्नपाननिरोध. पाणी मुद्दाम कोणी तोडत नाही. भांडे उन्हात तापते, पालथे होते, आणि दुपारी घर झोपलेले असते. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. म्हशीची कातडी काळी, घर्मग्रंथी थोड्या. तिला सावलीबरोबर अंगावर पाणीही हवे. डांबरी रस्त्यावर तळहाताची पालथी बाजू काही क्षण टेकवत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तेथे भाजतात. उभ्या मोटारीत प्राण्यास क्षणभरही ठेवू नये. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. तत्काळ सावलीत न्यावे, साधे पाणी अंगावर ओतत वारा घालावा आणि पशुवैद्यांकडे न्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये.

जैन घरात पाणी गाळूनच प्यावयाचे असते. तोच नियम दारच्या कुंडीस लावावा. कुंडी रोज रिकामी करून घासली म्हणजे तिच्यात शेवाळ व डासांच्या अळ्या होत नाहीत, आणि नंतर त्या मारण्याची वेळही येत नाही. मातीची पसरट कुंडी, सावलीची जागा, सकाळी व दुपारी ताजे गाळलेले पाणी; दुपारची ही पाळी घरातील मुलांकडे सोपवावी.