झोपलेला लॅपटॉप जागा होत नसेल तर

विंडोजचं अपडेट झालं आणि त्यानंतर लॅपटॉप स्लीपमधून उठेना. दिवा लागलाय, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच. असं झालं तर काय करायचं?

स्लीपमध्ये लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. उघडलेली कामं रॅममध्ये राहतात आणि रॅमला थोडी वीज मिळत राहते. जागं होताना प्रत्येक भागाला त्याचा ड्रायव्हर पुन्हा कामाला लावतो. अपडेटबरोबर आलेला ग्राफिक्स ड्रायव्हर यंत्राशी जुळला नाही, तर स्क्रीन उजळत नाही.

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फरक पडला नाही, तर पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. जतन न केलेलं काम मात्र जाईल.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुना ड्रायव्हर परत आणता येतो. हे बटण फिकट दिसत असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. अपडेट काढून टाकणं हा शेवटचा उपाय, कारण त्यासोबत सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात.

तोवर सोय असेल तर स्लीपऐवजी हायबरनेट वापरा. त्यात काम डिस्कवर साठवलं जातं.