मुलांच्या हाती पहिली बासरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बॅचने शाळेला बासऱ्या भेट द्यायचं ठरवलं आणि खरेदीचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोणीतरी म्हणालं, "साठ घेऊन टाक, प्रत्येकाला एक." मी नाही म्हणालो. का, ते सांगायला उभा आहे.

सहावीत असताना मोखाड्याच्या बोहाड्यात मी एक बासरी घेतली होती. लाल-हिरवे पट्टे, टोकाला गोंडा. वर्षभर फुंकली. पेटीबरोबर वाजवायला गेलो, तर सूर काही जुळेना. "तुला कानच नाही," असं मला ऐकवलं गेलं आणि मी ते मानलं. त्यानंतर प्रार्थनेतही नुसते ओठ हलवायचो, हे शेजारी उभ्या राहणाऱ्यांना आठवत असेल. चाळिशी उलटल्यावर तीच बासरी एका वादकाला दाखवली. त्यांनी दोन-तीन स्वर काढले आणि परत देत म्हणाले, "यावर कोणालाच सूर लागणार नाही."

दोष कसला, तर मापाचा. बांबूच्या प्रत्येक नळीचं पोट वेगळं असतं, भिंत कमीजास्त जाड असते. त्याप्रमाणे छिद्रांच्या जागा सरकवाव्या लागतात. चांगला कारागीर तापल्या सळईने छिद्र आधी लहान पाडतो, वाजवून बघतो आणि ऐकत ऐकत मोठं करतो. जत्रेतल्या मालाला एकच पट्टी लावून भोकं पाडलेली असतात. ते खेळणं आहे, खेळण्याच्या भावात मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावर मुलाचा कान तपासू नये.

आता कोणी म्हणेल, जव्हारला बांबूला काय तोटा? आपणच करू. मीही विचार केला होता. पण आपला मानवेल जाड भिंतीचा, बराचसा भरीव. काठीला उत्तम, बासरीला नाही. बासरीला पातळ भिंतीचं, सरळ आणि लांब पेर लागतं, कारण छिद्रं दोन गाठींच्या मधेच बसवायची असतात. म्हणून कारागीर आसामकडचा बांबू मागवतात.

वाद्य घडवणं आपल्याकडे नवं नाही. सुका भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्यांना मेण, की झाला तारपा. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच छाती फुगली. पण तारप्याला पेटीशी जुळायचं नसतं. त्याचा जो सूर, त्यावरच नाच फिरतो. शाळेतल्या बासरीला मात्र पेटीशेजारी बसायचंय.

माप कोणतं घ्यायचं? पन्नालाल घोषांनी सुमारे ३२ इंचांची बासरी मैफलीत आणली, तेव्हापासून मोठ्या बासरीचा मोह सगळ्यांनाच. पाचवीतल्या पोराची बोटं तिच्यावर पोचणारच नाहीत. जपानी शाकुहाचीचं तर नावच मापावरून पडलंय, एक शाकू आठ सून, म्हणजे साधारण ५४ सेंटीमीटर. आपल्या मुलांना पांढरी एकची, दीड फुटाच्या आसपासची बासरी बरी. त्याहून लहान घेतली तर कर्कश वाजते आणि वर्गाशेजारचे गुरुजी आपल्यालाच शिव्या घालतील.

दुकानात बघायचं ते असं. नळी उजेडासमोर धरून आतून भेग आहे का पाहायचं. फुंकायच्या छिद्राची कड स्वच्छ हवी, तिथे चिरफाळ्या नकोत. मग मोबाईलवर तानपुरा लावायचा. तोंडाकडची तीन छिद्रं बंद केली की सा, सहाही बंद केली की खालचा पंचम. तोच सा थोड्या जोराने फुंकून वरच्या सप्तकात न्यायचा. खालचा जुळला आणि वरचा घसरला, तर ती बासरी रंगाने कितीही देखणी असो, परत ठेवायची. फक्त आधी मिनिटभर फुंकून घ्या, गार बासरी उतरलेली वाजते. दोन्ही टोकांना दोरा घट्ट गुंडाळलेला असावा. जव्हारच्या पावसाळ्यानंतर उन्हाळा आला की बांबू तडकतो, म्हणून आतून अधूनमधून तेलाचा हात आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवणं, एवढं शाळेला सांगावं लागेल.

तर साठ नाही, बारा घेऊ. प्रत्येक वाजवून. उरलेल्या पैशांत आठवड्यातून एकदा शिकवणारा माणूस येईल असं बघू. बारा बासऱ्या साठ मुलांत कशा फिरवायच्या, हे मुख्याध्यापकांनी ठरवावं. उष्टी बासरी पुसायला बारा फडकी मी देतो.

पुढच्या रविवारी मी खरेदीला निघतोय. पाचवीतली दोन मुलं बरोबर न्यायची आहेत, बोटं त्यांची पोचायला हवीत. गाडी कोणाची काढायची, तेवढं आता जेवायच्या आधी सांगा.