किशोरवयीन मुलींचा आहार आणि रक्तक्षय

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत, शालेय आरोग्य तपासणी उपक्रमानिमित्त केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शाळेतील तपासणी शिबिरात नववीतील एका मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली. तक्रार आजाराची नव्हती, स्वभावाची होती. “डॉक्टर, ही फार आळशी झाली आहे. शाळेतून आली की झोपते, आणि चोरून पाटीवरची पेन्सिल खाते.” मुलीच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसत होती. हिमोग्लोबिन तपासले, ते ८ ग्रॅमच्याही खाली निघाले. या वयात ते प्रति डेसिलिटर किमान १२ ग्रॅम असावे. ८ च्या खाली गेल्यास रक्तक्षय तीव्र मानला जातो. पेन्सिल किंवा माती खाण्याची ओढ हेही लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे. आळशी ठरलेली ती मुलगी खरे पाहता आजारी होती.

ही एकाच घरातील गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या मुलींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५० टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ५७ टक्क्यांवर गेले.

याचे कारण निसर्गात आहे, तसे आपल्या स्वयंपाकघरातही आहे. या वयात शरीर झपाट्याने वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर दरमहा लोह खर्च होते. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी रोज ३० मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर त्याच वयाच्या मुलासाठी २२. आपल्या घरातील वाढप मात्र पुष्कळदा याच्या उलट असते. मुलगी आईबरोबर शेवटच्या पंगतीला बसते, तेव्हा उसळीतील दाणे संपून रस्साच उरलेला असतो. सकाळी चहा-खारीवर ती शाळा गाठते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. म्हणजे गरज मोठी असतानाच, नववीत, शाळेतील दुपारचे जेवणही थांबते.

बीट लाल असल्याने रक्त वाढवते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. तेवढ्याच बाजरीत ते सुमारे ६ मिलिग्रॅम असते. मटकी, माठ, राजगिरा, तीळ आणि हळीव हे आपल्याच बाजारातील लोहाचे चांगले स्रोत आहेत. परंतु धान्य-भाज्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची जोड लागते. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, जेवणात आवळा किंवा पेरूची फोड असावी. चहा मात्र जेवणापासून निदान तासभर दूर ठेवावा, कारण तो लोहाचे शोषण रोखतो. ज्या घरात मांसाहार चालतो, तेथे मटण-मासळीचा वाटा मुलीलाही मिळावा; त्यातील लोह अधिक सुलभतेने शोषले जाते.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी अनेक मुली दप्तरात ठेवतात, नाहीतर फेकून देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळसर रंग येतो, त्याला घाबरू नये. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळीही टाळू नये. मात्र रक्तक्षय ठरल्यानंतर ही साप्ताहिक गोळी पुरेशी नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज औषध घ्यावे लागते, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातील साठा भरून येईपर्यंत काही महिने ते चालू ठेवावे लागते. औषध घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेल, थॅलेसेमिया यांची तपासणी आवश्यक ठरते.

त्या मुलीकडे पुन्हा वळते. तिच्यावर उपचार सुरू करताना आम्ही आईचेही रक्त तपासले. तेही कमीच होते. “मला काय झालंय? मी तर रोजची कामं करते,” असे त्या म्हणाल्या. मुलगी शेवटी बसण्याची रीत कोठून शिकली, हे मला त्या क्षणी उमगले. त्यानंतर तपासणीत मुलीबरोबर आईचाही समावेश करण्याचा आमचा प्रयत्न राहिला आहे.

देणगीदारहो, आपल्या दानातून तपासणीचे साहित्य येते, औषधे येतात. त्याबद्दल रुग्णालय आपले ऋणी आहे. परंतु औषधाची बाटली संपल्यानंतरचे काम घरातच होणार आहे. म्हणून पालकांना एकच विनंती करते: आज रात्री ताटे वाढताना मुलीचे आणि तिच्या आईचे ताट सर्वांबरोबर मांडा, आणि उसळ डावाने तळापासून ढवळून वाढा.