ऋतुमानाचे घरगुती अन्न
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पाकक्रियेवर बोलण्याचा अधिकार येथे बसलेल्या भगिनींचा आहे, माझा नव्हे. मॅट्रिक होऊन मी शिक्षकी पत्करली आणि कुडाळच्या आसपासच्या शाळांतून पस्तीस वर्षे मुलांना वजने-मापे शिकविली. परंतु स्वतःच्या घरात मीठ कोणत्या बरणीत असते, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. तरीही चिटणीसांनी आग्रह केला, आणि मलाही एक कबुली द्यावयाची आहे, म्हणून उभा राहिलो.

आपल्याकडे ऋतू स्वयंपाकघरात आधी कळत असे. चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे. नागपंचमीस हळदीच्या पानांतील पातोळ्या. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे काही न घेता अळू, माठ, पडवळ, शिराळी यांची भाजी. देशावर पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हे आपणांस पाठ आहे. यात धर्म किती आणि काटकसर किती, हे सांगणे कठीण. मला तरी काटकसरच अधिक दिसते; परसात जे उगवे तेच ताटात येई, कारण दुसरे काही नसे. जुने ते सर्व सोने होते, असेही मी म्हणणार नाही. आषाढात तांदळाचे मडके तळाला गेलेले मी लहानपणी पाहिले आहे. त्या उणिवेतूनच आमच्या आयाबहिणींनी जी युक्ती काढली, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे, आणि तेही एकाच पदार्थापुरते.

तो पदार्थ म्हणजे तवसाळी. कोणी तिला धोंडस म्हणतात. पावसाळ्यात मांडवावर चढविलेल्या वेलाला जी मोठी काकडी लागते, ते तवसे. भाद्रपद-आश्विनात ते पिवळे पडते. कोशिंबिरीच्या कामाचे राहत नाही. अशा निबर फळाचा कीस, तांदळाचा भाजलेला रवा, गूळ आणि ओले खोबरे एवढ्यावर घरात गोड होई. मैदा नाही, अंडे नाही, सोडा नाही. चुलीवर टोप, खाली मंद आच, झाकणावर करवंट्यांचे रसरशीत निखारे. भट्टी ठाऊक नसलेल्या घरांतून चाललेले हे भाजणेच होय. सारे घर त्या वासाने भरून जाई, आणि तळाची खरपूस कड कोणाला मिळणार यावरून आम्हा भावंडांत तंटा होई.

2019 साली माझी पत्नी वारली. त्यानंतरच्या भाद्रपदात गावाहून कोणी एक पिवळे तवसे डोंबिवलीस आणून दिले. ते आठवडाभर ओट्यावर पडून राहिले. सूनबाई म्हणाल्या, ‘‘मामंजी, याचे आई काय करीत असत?’’ मला उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे मी ते खाल्ले, वाखाणलेसुद्धा. पण ते कसे होते, हे एकदाही विचारले नाही. ज्याने हजार मुलांकडून कोष्टके घोटून घेतली, त्याने घरातले एकही माप टिपून ठेवले नव्हते!

मग मी स्वतःच हात घातला. पहिल्या खेपेस कीस पिळून रस मोरीत ओतला आणि रवा कच्चाच घातला. वीट तयार झाली. दुसऱ्या खेपेस तळ करपला, मध्य ओला राहिला. तेव्हा गावी थोरल्या बहिणीस दूरध्वनी केला. आक्का म्हणाली, ‘‘अरे, घेयत तितको रवो घाल, माप कसला विचारतंस?’’ मी चिडलो. पुढे कळले की ती बरोबर होती. प्रत्येक तवशाला रस निराळा असतो, आणि रवा त्या रसातच फुलावयाचा असतो. बाहेरचे पाणी थेंबभरही नको.

चौथ्या खेपेस जमले ते सांगतो. आधी देठाकडील तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास फळ टाकूनच द्यावे, तो कडूपणा शिजवूनही जात नाही आणि अपायकारक असतो. बिया काढून, रसासकट चार वाट्या कीस घ्यावा. त्यात पावणेदोन वाट्या गूळ, वाटीभर खोबरे, चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी. तुपावर तांबूस भाजलेला दोन वाट्या तांदळाचा रवा हळूहळू सोडावा. मिश्रण पळीवरून जडपणे पडेल इतपत असावे, इथेच आक्काचे ‘घेयत तितको’. झाकून एक वाफ आणावी, वेलची घालावी. तूप लावलेल्या भांड्यात तळाशी हळदीचे पान अंथरून ते थापावे. शहरात निखारे कोठले? ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण ते एक तास ठेवावे. पूर्ण निवल्यावाचून कापू नये. माझ्या नातवाला हा नियम मान्य नाही. गूळ म्हणजे शेवटी साखरच, तेव्हा मधुमेही मंडळींनी एका वडीवर थांबावे. मीही थांबतो.

1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर पोहोचले. ते मोठेच काम झाले. पण प्रत्येक गावची, प्रत्येक वाडीची रीत एका पुस्तकात कशी मावणार? माझ्या पत्नीच्या तवसाळीत आणखी काहीतरी असे. मिरी होती की जायफळ, हे मला अजून उमगलेले नाही, आणि आता विचारावयाचे कोणाला?

म्हणून कार्यकारी मंडळास विनंती आहे की, संस्थेच्या कचेरीत एक जाड वही ठेवावी. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेल्या आई, आत्या, मावशी आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून एकेक पदार्थ उतरवून आणावा, विशेषतः पुरुषांनी. माप न मिळाल्यास त्या जे शब्द वापरतील तेच लिहावेत. पहिल्या पानावर तवसाळी मी लिहून आणली आहे. गेल्या वर्षीच्या तवशाच्या बियाही राखेत वाळवून पुड्या बांधल्या आहेत; त्या दाराशी मेजावर आहेत. ज्यांच्या दारी वेल चढविण्यापुरती जागा आहे, त्यांनी जाताना न्याव्यात.